भुरीचा कान

बिरू धनगराला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवून चार वर्षं झाली, तेव्हा त्याची बायको अयोध्या भूमहून एसटीत बसली. कंबरेला काडीमोडीचा कागद खोचला होता. त्यावर बिरूचा अंगठा उठला की ती मोकळी होणार होती आणि बेंबळीच्या गोरोबाशी तिचा पाट लागणार होता. तिला या पाटाची लाज वाटत नव्हती. एकटीनं मेंढरं राखून जीव मेटाकुटीला आला होता, आणि लाज काही मेंढरं राखायला येत नाही.

बिरूनं बोलणं कधीच टाकलं होतं. दवाखान्यात मात्र त्याला चित्रांचा नाद लागला. शिकवलं कुणी नाही. निजामाच्या वेळचे उर्दू फॉर्म रद्दीत पडले होते; त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो भटारखान्यातल्या कोळशानं मेंढरं काढायचा. डॉक्टरांनी गठ्ठा तिच्यापुढं ठेवला.

"रोज तेच मेंढरू. माणसांची ओळख राहिलेली नाही त्याला."

अयोध्यानं मनातल्या मनात डॉक्टरांना हात जोडले. तेच मेंढरू कुठलं? ही लंगडी, ही काळ्या तोंडाची, हा मोडक्या शिंगाचा एडका. घरच्या खुणेप्रमाणं सगळ्यांचा उजवा कान टोकाला कातरलेला. एका भुरीचाच कान अखंड. भुरी तिच्या बापानं आंदण दिलेली. बिरू खूण करायला बसला तेव्हा नव्या नवरीचे डोळे भरले, आणि त्यानं कातर ठेवून दिली. त्यापायी भावकीनं त्याला वर्षभर बाईलवेडा म्हणून छळलं.

प्रत्येक कागदावर भुरी होती, कळपाच्या मधोमध.

तसंच परत फिरावं, असं तिला वाटलं. पण खोटं वागणं तिच्या स्वभावात नव्हतं. बिरूपुढं बसून तिनं कशाला आले ते सगळं सांगितलं. तो ऐकतोय की नाही, कळेना. मग त्यानं तिच्या हातातला काडीमोडीचा कागद घेतला, उलटा केला आणि पाठीवर एकच मेंढी काढली. मागंपुढं कळप नाही. कान अखंड. नंतर कोळसा अंगठ्याला चोळून त्यानं कागद सुलटा केला आणि अंगठा उठवला.

अयोध्या तिथंच पदरात तोंड घालून रडली.

पाट लागला. बिरूचा कळप त्याच्या भावाकडं गेला, अयोध्याबरोबर एकटी भुरी आली. गोरोबा भला माणूस. नवं जनावर आलं म्हणून रीतीप्रमाणं खूण करायला तो कातर घेऊन बसला, तेव्हा अयोध्यानं भुरीचा कान मुठीत धरला.

"हिचा कान ऱ्हाऊ द्या. त्यांनी बी कातरला न्हवता."

गोरोबानं कातर बाजूला ठेवली. कुणी, ते त्यानं विचारलं नाही.