आमचा ग्रुप मी फोडला

ग्रुप फोडायचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर चार जणांनी माना डोलावल्या, मतदान झालं, बहुमत पडलं, ते सगळं खरं. पण हट्ट माझा. मी मुळात तापट, त्यात एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हा ग्रुप म्हणजे मोबाईलवरचा, प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा. नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजात असताना मी आणि माझा लातूरचा एक मित्र, आम्ही दोघांनी तो सुरू केला होता. पुण्याला गेलेल्यांना शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस असतो. आमच्याकडं एखादी भोकरला, एखादा किनवटकडं एकटाच घरात बसून कोड लिहीत असतो. अडला की अडला. म्हणून हा ग्रुप. मराठीत विचारा, लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, कुणी हसणार नाही.

त्यात रीत एकच. कुणी प्रश्न टाकला की ज्याला जमेल त्यानं खाली ‘घेतला’ असं लिहायचं. एकदा घेतला की तो प्रश्न त्याचा. स्वतःला नाही आलं तर येणाऱ्याला गाठून आणायचं, पण विचारणाऱ्याला दारोदार फिरवायचं नाही. ही रीत मित्रानं पाडली. त्यांचं लातूरला भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला ज्यानं आधी विचारलं त्यानंच त्याचं शेवटपर्यंत बघायचं, अशी त्याच्या वडिलांची नोकरांना ताकीद असायची. तेच त्यानं ग्रुपमध्ये आणलं.

कॉलेज संपलं. मला नांदेडात घरी बसूनच बाहेरदेशची कामं मिळत गेली. त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो गल्ल्यावर बसला तो बसलाच. रोज सकाळी दुकान उघडलं की ग्रुपवर ‘शरणार्थ मंडळी’ लिहायचा. त्याच्याखाली कुणी शरणार्थ, कुणी रामराम, कुणी सलाम, कुणी जय भीम. सुरुवातीला मला ते फार आवडायचं.

मग माणसं वाढत वाढत हजारांच्या घरात गेली. एकाचं वेबसाइटचं बटण दिसेना, दुसऱ्याचा सर्व्हर बंद, तिसऱ्यानं मधेच भाच्याच्या लग्नाची पत्रिका टाकलेली. फोन सारखा किणकिणायचा आणि माझं डोकं उठायचं. मी म्हटलं, सहा ग्रुप करू. वेबसाइटवाले वेगळे, मोबाईल ॲपवाले वेगळे, सर्व्हरवाले, डेटाबेसवाले, एआयवाले आणि नवशिके. ॲडमिन लोकांच्या कॉलवर सगळ्यांना पटलं, माझ्या त्या मित्राला सोडून. तो शांतपणे सांगत होता की आपलं दुखणं कशाचं हेच ज्याला माहीत नाही, तो कोणत्या डॉक्टरकडं जाईल? नवं माणूस तर तसंच असतं. मला माझं काम सोडून हे ऐकावं लागत होतं आणि माझा तोल गेला.

“तुला काय रे, तू दुकानात रिकामा बसून असतोस,” मी म्हटलं. “तुझा वेळ जात नाही म्हणून आम्ही काहून सहन करायचं?”

कॉलवर आणखी चार माणसं होती. तो म्हणाला, “बरं हाय. तुला वाटंल तसं कर.”

सहा ग्रुप झाले, जुना बंद केला. त्यानं मला विचारलं होतं की मी कोणत्या ग्रुपात येऊ. त्याला सगळ्यातलं थोडं थोडं यायचं, अमुक एकातला म्हणावा असा तो नव्हताच. मी घाईत लिहिलं, ‘कुठंही ये ना.’ पुढं तो कुठं गेला, हे बघायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

दोन-तीन महिने मी खुशीत. काय ती शांतता! मग भोकरच्या एका बाईचा मेसेज आला. तान्हं लेकरू सांभाळत शिकलेली, एका दवाखान्याचं ॲप बनवायचं पहिलंच काम तिला मिळालेलं. ॲपमध्ये भरलेली पेशंटची नावं साठतच नव्हती. ॲपवाल्यांनी तिला सर्व्हरवाल्यांकडं पाठवलं, त्यांनी डेटाबेसवाल्यांकडं, त्यांनी परत ॲपवाल्यांकडं. आपापल्या जागी सगळे बरोबरच बोलत होते. यात चार दिवस गेले आणि काम हातचं गेलं. तक्रार नव्हती तिची. शेवटी एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, आधी कुणी ना कुणी घ्यायचं.’

मी फोनमध्ये तसाच पडलेला जुना ग्रुप उघडला आणि ‘घेतला’ शोधत बसले. सोप्या प्रश्नांना पाच-पाच जण धावायचे, मीसुद्धा. पण ज्याला धड नाव देता येत नाही, तासभर कुणी हात लावत नाही, अशा प्रत्येक प्रश्नाखाली लातूरच्या मित्राचा ‘घेतला’. वर सरकवावं तर पुन्हा त्याचाच. ऐन दिवाळीत, भर गिऱ्हाइकीत. वडील वारले त्या आठवड्यातसुद्धा. इस्लापूरच्या एका मास्तरांचं प्रश्न टाकल्यावर नेटच गेलं, तर त्यांना फोनवर ओळन् ओळ वाचायला लावून त्यानं चूक शोधलेली. त्याच्या जिवावर ग्रुप चालला होता आणि मला वाटत होतं आपोआप चाललाय. अशा माणसाला मी चारचौघांत रिकामा म्हटलं होतं. मी बसल्या जागी रडले, खोटं कशाला बोलू.

सहाही ग्रुपांत त्याला शोधलं. एकातही नव्हता. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली.

दुकानात तो गल्ल्यावरच होता. मला बघून उठला, चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. “बसा,” म्हणाला. “कशा हाव तुम्ही?” एका डब्यात जेवलेलो आम्ही. आणि आता ‘तुम्ही’. मी म्हटलं, चुकलं माझं. ग्रुप परत एक करू, तू ये.

“आता नका करू,” तो म्हणाला. “लोकाला सवय झाली.” मग फडक्यानं गल्ला पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाला, “हितं दिवसभर मला शेठ म्हनतेत. तिथं तेवढं चार लोक इंजिनिअर समजायचे. वाटायचं, शिकलेलं समदंच वाया गेलं न्हाई.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, पाय धरले असते. “पर तुम्ही बोललात ते खरंच हाय की. दुकानातच बसतो मी.”

मला काही बोलायचं होतं, तेवढ्यात एक मावशी कळशी बघायला आल्या. मला आत खुर्चीवर बसलेलं बघून त्यांनी त्याला हौसेनं विचारलं, “बहीण का रं?”

त्यानं वरच्या फळीवरची कळशी काढली, पुसली, त्यांच्यासमोर ठेवली.

“न्हाई मावशी,” म्हणाला, “ओळखीच्या हायत.”