माणचा गवंडी आणि घाटातली भिंत

महाबळेश्वरच्या घाटात रस्ता खचला आणि तिथली आधारभिंत बांधून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. खाली सात-आठ घरांची वस्ती. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलं सगळं गणित मी तीनदा तपासलं, तरी धाकधूक जाईना.

कामावर एक म्हातारा गवंडी होता, दुष्काळी माण तालुक्यातला. नाव मी कधी विचारलं नाही. भिंतीमागे मुरलेलं पाणी बाहेर जायला भिंतीत नळ्या ठेवल्या होत्या. रोज सकाळी तो त्या एकेक करून सळईनं टोचायचा आणि मग तोंड लावून फुंकायचा.

मोठे साहेब पाहणीला येणार, म्हणून मी भिंतीला गुळगुळीत गिलावा करून घेतला. त्यात नळ्यांची तोंडंही बुजली. दुसऱ्या दिवशी बघतो तर म्हातारा छिन्नीनं माझा गिलावा फोडतोय! मी ओरडलोच. त्याचा हात काही थांबला नाही.

"आवं सायेब, आमच्या माणात पाणी अडवाया आमी उन्हाळाभर चर खणतो. हितं अडवलं तर त्ये भित ढकलंल. वाट द्या त्याला. लय गुणाचं असतंय पाणी."

टवके उडालेली भिंत बघून साहेबांनी मला चांगलंच झापलं.

जुलैत पाऊस कोसळत असताना मी भीतभीतच घाटात गेलो. भिंत जागेवर होती. प्रत्येक नळीतून धार लागली होती, तीही नितळ, मातीचा कण नसलेली. आणि वस्तीतल्या एका बाईनं, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन, एका धारेखाली हंडा लावला होता.