झुंबरबाईची खिडकी आणि प्लाझ्मा

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत झुंबरबाईच्या खिडकीतून दूध घेतलं नाही असं घर नव्हतं. नवरा गेल्यावर मागच्या गोठ्यात म्हशी पाळून तिनं एकुलत्या धैर्यशीलला शिकवलं. पहाटे धार काढायची आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांतून माप बाहेर घालून ज्याच्या त्याच्या भांड्यात ओतायचं. मापाबरोबर तोंडही चालायचं. "काय गं, नवरा रुसलाय म्हणं? घे थेंबभर जास्त, खीर घाल त्याला." मी अंबाबाईच्या काकडआरतीहून येताना कुंकू द्यायची, तर म्हणायची, "देवीला सांग, म्हशी सोडत न्हाईत, म्हणून येत न्हाई."

अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, व्हय. भूक लागली? व्हय. पोट भरलं? व्हय. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, हा शब्द आपोआप येतो, खरं काय ते डोळ्यांत बघा.

म्हशी विकल्या. कॉट मात्र धैर्यशीलनं त्याच खिडकीला लावली. माणसं जाता-येता थांबायची, गजांतून हात घालून तिचा डावा हात दाबायची. शेजारची चिमणाबाई तर भाजी निवडायलाच बाहेर कट्ट्यावर बसायची आणि दोघींच्या वाटचं एकटी बोलायची.

पुढं आईचं मन रमावं म्हणून धैर्यशीलनं मोठा टीव्ही घ्यायचं काढलं. तेव्हा दुकानांत एलईडी आणि प्लाझ्मा, दोन्ही मिळायचे. सून स्वप्नालीनं मलाही सोबत नेलं. दुकानदार रफिक लहानपणी झुंबरबाईचंच दूध पिऊन वाढलेला. त्यानं दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवले.

"एलईडी उजेडात झकास. पण बाजूनं बघितलं की रंग फिका. प्लाझ्मा कुठनंबी बघा, तसाच. फक्त समोर खिडकी नको. काचंत खिडकीच दिसंल."

धैर्यशील दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन तिरका उभा राहिला. घरात टीव्हीला जागा एकाच भिंतीवर होती आणि कॉटवरनं ती तिरकीच दिसायची.

"प्लाझ्मा द्या."

"दादा, खिडकी?"

"लावता येतीय की."

टीव्ही भिंतीवर चढला. चालू केला, तर काचेत गज, गल्ली, सायकलवरून चाललेला माणूस. झुंबरबाई तेच बघत होती. स्वप्नालीनं खिडकीची दारं ओढून कडी घातली आणि चित्र उजळलं.

"आत्ती, आता दिसतंय न्हवं चांगलं?"

"व्हय."

पहिले काही दिवस चिमणाबाईनं बाहेरून खिडकीची फळी वाजवली. मग दारातून यायला लागली, तर "झोपल्यात" असं ऐकून परत जायची. हळूहळू कुणी थांबेना. मी मंगळवारी-शुक्रवारी कुंकू घेऊन आत जायची, तेव्हा टीव्हीवर कीर्तन चालू असायचं आणि हिची मान बंद फळीकडं. उशीची ती बाजू ओली.

एकदा रफिक केबल बघायला आला. खोली बघून म्हणाला, "दादा, बदलून देतो. एलईडी लावू. फिकं दिसंल थोडं, पण खिडकी उघडी ऱ्हाईल."

"आईलाच विचारतो," धैर्यशील म्हणाला आणि वाकला. "आई, हाच ऱ्हाऊ दे न्हवं?"

तिचा डावा हात फळीवर होता. नखं लाकूड खरवडत होती.

"व्हय."

"बघितलंत?"

मी म्हटलं, "आता उलटं विचार की. बदलू का, म्हण."

"काकी, आता आईच्या शब्दावरबी संशय घ्यायचा?" तो म्हणाला, पण तिच्याकडं न बघता. रिमोट उचलून त्यानं आवाज वाढवला. रफिकनं पिशवी खांद्याला लावली. बाहेर पायरीवर चपला घालताना मला म्हणाला, "भाभी, ह्याला समजत न्हाई असं न्हाई. म्हातारीच्या तोंडाकडं बघायचं टळतंय, तेवढं त्याला बरं वाटतंय."

त्यानंतर दोन पावसाळे झुंबरबाई त्या अंधारात होती. गेली तेव्हाही टीव्ही चालूच होता. स्वप्नालीला देवापुढं दिवा लावून झाल्यावर कळलं.

जुनी माणसं सगळी आली. म्हणाली, नशीबवान, पोरानं काही कमी केलं नाही. समोरच्या माडीवर नवीन राहायला आलेली प्रियदर्शनी खाली उतरली आणि तिनं मला हळूच विचारलं, "काकी, कोण गेलं? ह्या घरात म्हातारं माणूस होतं?"