शहपुऱ्याच्या नोंदवह्या
डांबरगोळ्यांचा वास आला की जबलपूरजवळच्या शहपुऱ्यातली, बायकांच्या वेगळ्या ठेवलेल्या जुन्या मृत्यूनोंदवह्यांची ती ओलसर चळत आठवते. एका जुन्या साथीतले मृत्यू संगणकावर मोजण्यासाठी आम्ही वह्या निवडत होतो, आणि ती चळत मी बाजूला सारली. “काहून, सर?” जबलपूरच्याच मराठी घरातल्या माझ्या सहकारी बाईंनी विचारलं. “बायकांची नावंच नाहीत. नुसतं ‘अमक्याची बायको’. संगणक एकीला दुसरीपासून वेगळं कसं ओळखणार?” “अच्छा! नाव नाही, म्हणजे मेल्याच नाहीत?” मी हसण्यावारी नेलं. पुढे आलेखात बायकांचे मृत्यू कमी दिसले. त्या घरातच राहत, म्हणून वाचल्या, असं मी भर सभेत निबंध वाचताना ऐटीत सांगितलं. टाळ्या पडल्या. बाई तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या. आज त्या निबंधाला दुरुस्ती जोडतो आहे: त्या बायका वाचल्या नव्हत्या, मी त्यांना वगळलं होतं.