ठमाबाईचा दूध लौटावा

नागभीडजवळच्या माळावर मोठमोठ्या दगडांचे गोल होते. लोक तिथं गुरं चारत, पण गोलात कुणी पाय ठेवत नसे. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात पुरातत्त्ववाल्यांनी तिथं खोदकाम काढलं आणि ठमाबाई टोपली घेऊन मजुरीला लागली. एका गोलातून माणसाची हाडं निघाली. हाताच्या हाडात तांब्याचं कडं तसंच होतं. ठमाबाई टोपली टाकून कड्याकडं बघत बसली.

"काऊन वं, भूत दिसलं काय?" सोबतीण अन्नपूर्णा हसली.

"भूत कायचं? कोणाची तरी माय असंल. आपल्याच गोंड लोकाईची असंल का?"

आसपासच्या गावांतल्या लोकांचं रक्त तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई जवळच होत्या. "हाडांवरून नाही सांगता येत, ठमाबाई. अडीच हजार वर्षांत किती लोक आले, मिसळले. पण पूर्वजांच्या काही खुणा रक्तातून उतरत राहतात. बघू तुमचं?"

ठमाबाईनं बोट पुढं केलं. तिच्या लेकीनं, अंजनानं केलं. खोदकामावरच असलेला भाचा इसरू लाजत लाजत पुढं आला. त्याचं नि अंजनाचं लग्न येत्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. ज्या घरातून पोरगी आली, त्या घराला तिनं आपली पोरगी द्यायची, हा गोंडांचा दूध लौटावा, दूध परत करायची रीत. ठमाबाईनं भावाला तसा शब्द दिला होता.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "अंजना नि इसरू, दोघांच्याही रक्तात एकच खूण आहे. रक्ताचे कण विळ्यासारखे वाकतात. ती एकाच बाजूनं आली, तर सहसा त्रास नसतो. उलट हिवतापात जीव वाचतो, म्हणून तर इथल्या जंगलात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण आई-बाप दोघांकडून आली, तर त्या पोराचे हातपाय ठणकतात, अंग पिवळं पडतं..."

"माह्या श्रावणसारखं," ठमाबाई म्हणाली. तिचा थोरला पोरगा श्रावण असाच रडत रडत गेला होता. लोक म्हणाले होते, देव कोपला.

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या दारात उभी राहिली.

"दादा, अंजना मी इसरूले देत नाई."

देवराव आधी हसला. "काऊन? माह्या पोराले शेपूट फुटलं काय?" तिनं सगळं सांगितलं, तसा तो उठून उभा राहिला. "शहरातल्या बाईनं सुई टोचली, अन् तू माह्या घरचं दूध नाकारून राह्यली?"

"तेच दूध दोघाईत हाये, म्हून. श्रावणले तू पाह्यलं नाई का रे?"

"शब्द मोडला तुनं. आजपासून तुले माहेर नाई."

अंजना वडशाकडच्या गावी दिली, नवऱ्या मुलाचं रक्त तपासून. इसरूचंही लग्न दुसरीकडं झालं. ठमाबाईला मात्र ना दिवाळीचं बोलावणं आलं, ना कुण्या बारशाचं.

अठ्ठ्याऐंशीत देवराव गेला. ती न बोलावता गेली आणि मसणवटीबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. प्रेत खड्ड्यात उतरवलं. सगे एकेक करून माती देऊ लागले. तेवढ्यात इसरू ओंजळ भरून तिच्याकडं आला.

"आत्या, चाल. माती दे."

"तुह्या बापानं माहेर तोडलं न माह्यं."

"बापानं तोडलं. मी कुठी तोडलं?"

बायका कुजबुजल्या. एक म्हातारा खाकरला. ठमाबाईनं ओंजळ पुढं केली, माती घेतली आणि खड्ड्याच्या काठाशी वाकली.

"दादा, मी आली," ती म्हणाली आणि ओंजळ सोडली.