लीलावतीबाईंचं सोवळं

निधीनं किचनच्या टेबलावर पुस्तक उघडलं आणि लीलावतीबाईंना मळमळलंच. पानभर एकच चित्र. कच्च्या मांसाचा हा एवढा लचका, वर पिवळट चरबी, शेजारी लसूण.

"शी! कुणाचं गं हे?"

"त्या फ्रेंच चित्रकाराचं, मोनेचं, आजी. तरुण होता तेव्हा. कमळं नंतर काढली."

"अक्कल नंतर आली म्हण की."

शाळेच्या आर्टच्या परीक्षेला निधीला तस्संच काहीतरी समोर मांडून रंगवायचं होतं. बुचरकडून तिनं हाडासकट बीफ आणलंही, पण पोर जन्माची शाकाहारी. चमच्यानं ढोसलं, तर तो गोळा बुळकन घसरला आणि ताटलीत रक्ताचा ओघळ आला. निधी सिंककडे पळाली.

"मला नाही जमत! मी फेल होणार."

विलायतेत, ईलिंगच्या मराठी मंडळींत लीलावतीबाईंचं सोवळं प्रसिद्ध. विमानतळाजवळच्या कारखान्यात जन्म गेला, पण घरी आल्या की आधी आंघोळ, मग देव, मग चहा. काम काय, तर "विमानातल्या जेवणाचे ट्रे लावते." खोटं नव्हतं ते. फक्त ट्रेमध्ये हॅम त्याच ठेवायच्या. कोंबडीचे गार, बुळबुळीत काप, बीफचे काप. हातमोज्यातूनही तो ओला गारठा बोटांना लागायचा, केसांत वास मुरायचा. सोवळं कसलं, बाई किळस धुवायची. घरात कुणाला कधी कळू दिलं नाही.

आता हात लावला तर नातीला कळणार. न लावला तर नात रडतेय.

त्यांनी नाकाला पदर लावला, हातात फ्रीझर बॅग चढवली, गोळा हाडाशी धरून उचलला आणि चरबीची बाजू खिडकीकडे करून पक्का बसवला. कडेचा रक्ताचा डागही सवयीनं पुसला.

निधी बघतच राहिली. "आजी, तुला कसं येतं हे?"

"विमानातल्या साहेबांना विचार. आईला बोलशील तर बघ!" म्हणत त्या ओकारी दाबत बाथरूमकडे धावल्या.

तेवढ्यात सून मंजिरी कामावरून आली. वर पाणी धो धो वाहत होतं.

"आई, परत आंघोळ?"

"सोवळं गं माझं!" वरून आवाज आला.

मंजिरीनं टेबलाकडे पाहून नाक दाबलं. "ई! आणि हे इतकं नीट मांडलं कुणी? तू तर अंडंसुद्धा शिवत नाहीस."

"मीच," निधी म्हणाली, आणि चित्रातल्या चरबीला आणखी थोडा पिवळा लावला.