पिंजऱ्याजवळची खुर्ची

पतपेढीच्या अफरातफरीचा खटला ऐकायला मी कोर्टात बसलो होतो. माझीही ठेव बुडालेली. आरोपी आमचाच रोखपाल, पिंजऱ्यात एकटा उभा. गावातला एकही वकील त्याचं वकीलपत्र घेईना, याचा मला आनंदच होता.

न्यायाधीशांनी सरकारी खर्चाने एक वकीलबाई नेमल्या. बाईंनी खुर्ची उचलून पिंजऱ्याला लागून ठेवली आणि कोरा कागद व पेन आत दिलं. "साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं की लिहा. मी विचारीन."

"चोराचे लाड," मी पुटपुटलो.

पतपेढीचे अध्यक्ष साक्षीला आले. रोखपालाने वाकून दोन ओळी लिहिल्या. बाई चिठ्ठी वाचून उठल्या. "बुडालेली रक्कम ज्यावर उचलली गेली, त्या या व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याची सही कोणाची?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "माझी."

सगळं कोर्ट ताठ बसलं. मीही. आरोपीला वकील देणं म्हणजे चोराला वाचवणं, असं मी आजवर समजत होतो. ती खुर्ची तिथे नसती, तर भलत्याच माणसाला शिव्या घालत मी समाधानाने घरी गेलो असतो, आणि माझा खरा चोर समोरच्या बाकावरून उठून गाडीत बसला असता.

पुढच्या तारखेला मी सगळ्यांच्या आधी पोचलो, आणि ती खुर्ची स्वतः पिंजऱ्याजवळ नेऊन ठेवली.